खिशावरचं ठिगळ

शहरातली कुठली शाळा चांगली हे विचारायला लोक शाळेत जात नसत, टेलरमास्तरांकडे येत. मास्तरांनी जन्मभर गणवेशांशिवाय दुसरं काही शिवलं नव्हतं. दुरुस्तीला आलेला कपडा उलटा करून पाहिला की ते सांगत, ही शाळा मारकुटी आहे, हिच्यात नुसती घोकंपट्टी चालते, आणि हिच्या बाकांचे खिळे वर आलेत. नवं बिऱ्हाड थाटणारी जोडपी घर बघायच्या आधी मास्तरांचं मत घेत, आणि मास्तरही चष्मा कपाळावर चढवून असे बोलत की शिक्षणखातं त्यांच्याच मशीनवर चालतं असं वाटावं.

दुकान भर वस्तीतल्या गल्लीत होतं आणि वरच्या दोन खोल्यांत मास्तरांचं घर. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला घड्याळवाले काका, समोर सायकलवाला. दिवसभर कलकल. मास्तरांच्या एकुलत्या एका मुलीचा पाय घरात ठरत नसे, म्हणून सगळी गल्ली तिला भिंगरी म्हणे. ती गल्लीतल्याच शाळेत जायची आणि रोज काहीतरी फाडून यायची. शाळा सुटली की दप्तर टाकून थेट कापडं बेतायच्या टेबलावर चढून बसायची. मास्तर सुईत दोरा ओवत आणि विचारत, "हं, कसा फाटला?"

मग तिची गोष्ट सुरू होई. एकदा सायकलवाल्याने दिलेले छर्रे तिने खिशात भरले, वर्गात त्यातले तीन सांडले, ते शोधायला बाई स्वतः बाकाखाली शिरल्या आणि बाईंच्या डोक्यावरून उडी मारताना खिसा कडीत अडकला. यातलं निम्मं खोटं असे हे मास्तरांना ठाऊक होतं. ते मुद्दाम बारीक टाके घालत, म्हणजे गोष्ट संपायच्या आत शिवण संपू नये.

पण भिंगरी दहा वर्षांची झाली तरी तिला भागाकार येईना. वर्गात साठ मुलं, बाई तीन महिने रजेवर. जगाला शाळा सांगणाऱ्या मास्तरांच्या घरात दिव्याखाली अंधार होता, आणि ते त्यांना खाऊ लागलं. त्यांनी दुरुस्तीच्या गठ्ठ्यांकडे नव्याने पाहिलं. गल्लीतल्या शाळेचे कपडे फाटून येत. पुलाजवळच्या वस्तीतल्या शाळेचे कपडे कोपरांना झिजलेले, शाईने माखलेले, अधूनमधून उसवलेले असत. आणि शहराच्या टोकाला नवी वसाहत झाली होती, तिथल्या शाळेचे कपडे फक्त लांबी वाढवायला येत. त्यांना टाका म्हणून नसायचा. जिथं कापड टिकतं तिथं शिस्त असते, असं मास्तरांनी ठरवून टाकलं.

ती शाळा वसाहतीत राहणाऱ्यांच्याच मुलांना घ्यायची, म्हणजे घर हलवणं आलं. मास्तरांच्या बायकोने दोन्ही जागा पायाखाली घातल्या होत्या. तिचं मन पुलाजवळच्या वस्तीवर बसलं होतं. तिथली शाळा बरी होती, रस्त्यावर माणसं होती, दुकानही चालत जाण्याजोगं. मास्तर म्हणाले, ते ना धड इकडचं ना धड तिकडचं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, फाटके खिसे घेऊन ती कुठे जाणार?

"कपडे फाटतायत हो," ती म्हणाली, "पोरगी नाही."

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. महिन्याभरात बिऱ्हाड वसाहतीत गेलं.

शाळा खोटी नव्हती, हे सांगायलाच हवं. भिंगरीला भागाकार आला, मग अपूर्णांक आले, वर्षाच्या शेवटी ती तिसरी आली. फ्रॉकवर ओरखडाही नाही. मास्तर तो फ्रॉक हौसेने गिऱ्हाइकांना दाखवायला घेऊन गेले. रस्ते रुंद होते, दोन्हीकडे झाडं, फाटकं बंद. मुलं गाडीत बसून कुठल्या कुठल्या शिकवण्यांना जात, आणि भिंगरी गॅलरीत उभी राहून खालच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत बसे. मास्तर सकाळी सातच्या बसने दुकानात जात ते रात्री आठला परतत. "कसा गेला दिवस?" ते विचारत. "चांगला," ती म्हणे. चांगल्या दिवसात सांगण्यासारखं काय असणार, असं म्हणून ते जेवायला बसत.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी ती फ्रॉक घेऊन समोर आली. खिसा फाटला होता. मास्तरांना बस गाठायची होती. त्यांनी चष्माही लावला नाही, घरातल्या जुन्या मशीनवर ठिगळ ठेवलं आणि घडाघडा चार टिपा मारल्या.

"बाबा, त्याचं असं झालं..."

"संध्याकाळी सांग," मास्तर म्हणाले. "आणि इथं येऊन हे धंदे नकोत. इथली मुलं खिसे फाडत नाहीत."

संध्याकाळी ते दमून आले. विचारायचं राहून गेलं. तिनेही काही सांगितलं नाही, आणि पुन्हा कधी काही फाटलं नाही.

भिंगरी शिकली, मोठी झाली, दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर लागली. मुलगी म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. दर रविवारी फोन करायची, औषधं विचारायची, तब्येत विचारायची, दोन मिनिटांत फोन संपायचा. गल्लीतले लोक म्हणत, मास्तर, पोरीचं सोनं केलंत. मास्तरांना ते ऐकून पूर्वीइतकं बरं वाटेनासं झालं होतं, पण का ते त्यांना सांगता आलं नसतं.

परवा शेजारणीच्या नातीला त्याच शाळेत प्रवेश मिळाला. बायकोने ट्रंकेतून भिंगरीचा जुना फ्रॉक काढला. मास्तरांनी सवयीने उलटा केला. सगळ्या फ्रॉकवर एकच ठिगळ, तेही वेडंवाकडं. दुसऱ्याच्या पोरीला असं देणं लाजिरवाणं वाटून त्यांनी ते उसवायला घेतलं.

ठिगळ निघालं आणि त्यांचा हात थांबला. फाटलेलं कापड आणि कापलेलं कापड यांतला फरक त्यांना डोळे मिटूनही कळे. फाटलं की सूत वेडंवाकडं विस्कटतं. इथं सूत सरळ तुटलं होतं. आधी बोटभर कापून कातरी थांबली होती, मग पुन्हा धीर करून पुढं गेली होती. काप आखूड पात्याचा होता; ती कातरी घरातल्या त्यांच्याच डब्यातली होती, दोरे तोडायची.

त्यांनी फ्रॉक बायकोपुढे धरला. तिने कापाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी शाळेतून आली ती हाच फ्रॉक घालून दारात बसली होती, तुम्ही येईपर्यंत," ती मग म्हणाली. "मी म्हटलं, बदल. तर म्हणाली, बाबांना सांगायचंय."

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावायचं असं मास्तर लोकांना नेहमी ऐकवत. आज ते त्यांना आठवलंसुद्धा नाही. रविवार नव्हता, तरी त्यांनी फोन लावला. भिंगरीने घाबरूनच उचलला.

"भिंगरे, तो खिसा कसा फाटला होता गं?"

"कुठला खिसा, बाबा?"

त्यांनी सांगितलं. नवी शाळा, दुसरं वर्ष, सकाळची बस.

"गोष्ट रचली होती मी," ती म्हणाली. "चांगली मोठी. दोन दिवस लागले होते." मग जरा थांबून म्हणाली, "काय होती, ते नाही आठवत आता."

"थोडीशीसुद्धा नाही?"

"नाही हो, बाबा."

मास्तर रडत होते. तिला ते कळू नये म्हणून त्यांनी फोन जरा लांब धरला. औषध घेतलंत का, असं ती विचारत होती. घेतलं, म्हणाले. शेजारणीच्या नातीला त्यांनी नवा फ्रॉक शिवून दिला. जुना तसाच उसवलेला त्यांच्या टेबलावर पडून आहे.