वेलजीबापांचा लाकडी पाय

अर्ज मीच लिहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे नगरपालिकेला शिव्या घालताना माझी जीभ थोडी तरी आवरेल.

वेलजीबापा आमच्या टावर चौकातले हाडवैद. दुकानावर नाव नव्हतं. होता तो एक लाकडी पाय. गुडघ्यापासून खालचा, गुलाबी रंगाचा, घोट्याला पांढरी पट्टी रंगवलेली. त्यांच्या वडिलांनी कडुलिंबाच्या ओंडक्यातून तो कोरला होता आणि भिंतीतून रस्त्यावर आलेल्या लोखंडी दांडीला टांगला होता. चाऱ्याची गाडी खालून गेली की भारा त्याला घासायचा, पाय झुलायचा आणि बापा आतून ओरडायचे, "अरे, माझा पाय मोडलास तर मी कुणाकडे जाऊ?" आसपासच्या गावांतल्या रबारी गुराख्यांना, कोळ्यांना अक्षरओळख नव्हती. निखळलेला खांदा धरून माणूस बसमधून उतरला की त्याला पाय दिसायचा. तेवढं पुरत होतं.

मग शेजारी पारसने मोबाइलचं दुकान थाटलं आणि दोन मजल्यांएवढा बोर्ड चढवला. त्यावर फोन कानाला लावून हसणारी गोरीपान बाई. त्या बाईच्या आड बापांचा पाय गडप झाला. माणसं कण्हत पुढे निघून जायची आणि पार भाजीबाजारात पोचून विचारायची, पायवाला कुठे बसतो?

बापा पारसकडे गेले. "दीकरा, थोडा मागे सरकव रे. माणसं चुकतात."

"काका, जमाना बोर्डाचा आहे. तुम्हीपण लाइटवाला लावा ना! पायात बल्ब घाला, रात्री नुसता चमकेल!" काउंटरवरच्या पोरी फिदीफिदी हसल्या.

बापा तसेच माझ्या टेबलाशी आले. टावरखाली बसून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो. "जयंती, लिही. त्या पारसला म्हणावं, दोन हात मागे घे."

"बापा, असं नसतं. भांडणाचा अर्ज टोपलीत जातो. नियमाचं बोलावं लागतं."

फलकांचे नियम पालिकेत कधीचे धूळ खात पडले होते, आणि मला ते तोंडपाठ. मी ऐटीत लिहिलं की शहरातील सर्व दुकानांच्या फलकांबाबत नियमांची कोणताही भेदभाव न करता कठोर अंमलबजावणी व्हावी. वाचून दाखवलं. बापा म्हणाले, "छान आहे. पण यात पारस कुठे आहे?"

"'सर्व'मध्ये," मी म्हटलं. शहाणपणाची खाज, दुसरं काय!

अर्ज पालिकेच्या सामान्य सभेपुढे आला, तेव्हा आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. एक सदस्य म्हणाला, सगळे बोर्ड उतरवले तर बाजार विधवेसारखा दिसेल. दुसरा कायदा म्हणजे कायदा म्हणून टेबल बडवत होता. त्याच्याच कार्यालयाच्या बोर्डाने बस स्टँडची खिडकी झाकली आहे, याची कुणीतरी आठवण करून दिली, तेव्हा तो बसला. मग चहा आणि गाठिया आले. गाठिया पोटात गेल्यावर प्रमुखसाहेबांनी तोडगा काढला. "अंमलबजावणी होणारच. पण टप्प्याटप्प्याने. ज्यांची प्रकरणं दाखल आहेत, त्यांच्यापासून सुरुवात."

सगळ्यांनी बाकं वाजवली. बापांनीही वाजवली. मीही. दाखल प्रकरण एकच होतं, आणि त्यावर पत्ता फक्त अर्जदाराचा होता.

आठ दिवसांनी पालिकेचे दवेसाहेब टेप घेऊन आले. "भिंतीबाहेर तीन फूट दोन इंच. फुटाच्या वर चालत नाही."

"साहेब, ती बाजूची बाई बघा की!"

"तिची फाइल नाही माझ्याकडे. तुमची आहे. शिवाय फलकावर परवाना क्रमांक लागतो. तुमचा कुठला?"

बापांनी दोन्ही हात पुढे केले. "हा."

"हे फाइलला लावता येत नाही, काका."

पाय उतरवायला पालिकेचा मेराम शिडीवर चढला. दिवाळीत त्याचा खांदा बापांनीच बसवला होता. पाय दोन्ही हातांत धरून खाली उतरला, तोंड खाली घालून म्हणाला, "बापा, नोकरी आहे."

"सांभाळून धर," बापा म्हणाले. "खांदा कच्चा आहे अजून."

परवान्याशिवाय रुग्ण पाहणार नाही, असं हमीपत्र द्यावं लागलं. तेही मीच लिहिलं. दवेसाहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली.

दुसरा टप्पा अजून आलेला नाही. बाई अजून हसते आहे. पाय पालिकेच्या गोदामात फुटक्या बादल्यांखाली पडला आहे. बापा दुकान बंद करून दिवसभर माझ्याजवळ स्टुलावर बसतात.

परवा एक रबारी म्हातारी बसमधून उतरली. मनगट ओढणीच्या झोळीत, सुजून टम्म. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "भाई, तो पायवाला कुठे रे? माझ्या धन्याची मांडी त्यानेच जोडली होती."

बापा तिच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांची नजर तिच्या मनगटावर खिळली. गुडघ्यावरची बोटं हलायला लागली, हाड चाचपावं तशी. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मेला तो," बापा म्हणाले. "सरकारी दवाखान्यात जा, मा. सरळ पुढे."

"अरे देवा! कधी मेला?"

बापांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"तारीख याला विचार. कागद यानेच लिहिलाय."