सुट्टी झाल्यावर दाबलेल्या जाहिराती

धाराशिवच्या डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि सांगितलं की ही पावडर आता बंद करा. आई फटाक्याच्या कारखान्यात कामाला जायची. तेरखेड्यात आमच्या वस्तीतल्या बहुतेक बाया तिथंच जातात. कागदाच्या नळ्यांत दारू भरायची, वाती लावायच्या, माल उन्हात वाळवायचा. आईकडं बरीच वर्षं दारूत मिसळायची चंदेरी पावडर चाळायचं काम होतं. खोकला कशाचा आहे हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच आम्हाला कळलेलं होतं. फक्त आमच्याकडं त्यावर करण्यासारखं काही नव्हतं.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या त्या लिहिण्याचं पैसं सुरू झालं की बसते मी घरी. पाऊस उघडायच्या आत झालं तर यंदाचा सीझनच करत न्हाय."

पावसाळ्यात फटाके वाळत नाहीत, म्हणून काम मंद असतं. पाऊस उघडला की दिवाळीपर्यंत बायांना मान वर करायला फुरसत नसते. म्हणजे माझ्या हातात तेवढा पावसाळा होता.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पण ही पदवी माझ्या एकटीची आहे असं मला कधी वाटलं नाही. धाराशिवच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं तेव्हा वस्तीतल्या बायांनी आपापल्या आठवड्याच्या पगारातून काहीतरी काढलं आणि विहारात सगळ्यांसमोर आईच्या पदरात टाकलं. कुणी किती दिले हे कुणी लिहून ठेवलं नाही. पुढं कधी कुणी त्याचा उच्चारही केला नाही. आमच्याकडं ही रीतच आहे. कुणाच्या पोरीचं ॲडमिशन असो, कुणाचं ऑपरेशन असो, कुणाची माती असो, प्रत्येक घरानं हातभार लावायचा. सांगावं लागत नाही.

बी.ए. झाल्यावर मी सरकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करत राहिले, आणि त्या पुढं ढकलल्या जात राहिल्या. दरम्यान वस्तीतल्या मुली माझ्याकडं फॉर्म घेऊन यायला लागल्या. वसतिगृहाला अर्ज कसा करायचा, शिष्यवृत्ती कुठं अडकते, जात पडताळणीला कोणते कागद लागतात. हे सगळं मी स्वतः ठेचकाळत शिकले होते. एका कागदासाठी खिडकीवरून परत पाठवल्यावर एसटीचं भाडं कसं वाया जातं, ते मला पक्कं ठाऊक होतं. तेच ते पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून मी लिहायला लागले. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं वेबसाइट काढून दिली. "यावर जाहिराती लाव, घरबसल्या पैसे येतील," असं तीच म्हणाली.

त्याचं गणित साधं आहे. लेख आपला, जागा आपली. जाहिरातीची कंपनी त्या जागेत जाहिराती लावते. वाचणाऱ्याला जाहिरात नुसती दिसली तर थोडं मिळतं, ती दाबून तो पुढं गेला तर त्याहून जास्त. पैसे लगेच हातात येत नाहीत. ते खात्यात साठतात आणि ठरावीक रकमेच्या वर गेल्यावरच बँकेत येतात. मराठी लेखांना जाहिराती कमी मिळतात, मिळतात त्यांचा भावही कमी. शिवाय दाखल्याची माहिती शोधत आलेल्या पोरीला कोण काय विकणार? माझं खातं इतकं हळू भरत होतं की कधीकधी दोन-दोन दिवस आकडा हलायचा नाही.

कंपनीचे नियम इंग्रजीत होते. ते मी शब्दकोश घेऊन बसून वाचले. आपल्या जाहिराती आपण दाबायच्या नाहीत. दुसऱ्याला दाबायला सांगायचं नाही. मी दोन्ही पाळलं. वर्गातल्या मैत्रिणींना लिंक पाठवतानासुद्धा फक्त "वाच" एवढंच लिहायची.

आईनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "म्हंजे जाहिरात दाबली की पैसं?"

"कुणी खरंच बघायचं म्हणून दाबली तर. आपण दाबायची नाही. तसा नियम आहे."

"आपलंच आपण वाढून घ्यायचं न्हाय."

"हां, तसंच."

"बरा हाय की नियम," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

एवढा लांबलचक नियम तिनं एका वाक्यात पकडला म्हणून मला कौतुक वाटलं होतं.

भादव्यात आकडा चढायला लागला. आधी थोडा, मग रोज. मी शिष्यवृत्तीवर एक मोठा लेख लिहिला होता, प्रत्येक पायरीचा फोटो टाकून. त्याचंच हे फळ आहे असं मी धरून चालले. चांगलं लिहिलं की लोक शोधत येतात, हे मैत्रिणीनं सांगितलेलं होतंच. ठरावीक रकमेची ओळ जवळ आली तेव्हा मी आईला सांगितलं, या महिन्यात पैसे येतील. पुढंही येत राहतील असं दिसतंय.

आईनं मुकादमाला निरोप धाडला की यंदा मी येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उंबऱ्यात बसलेली होती. मांडीवरचे हात सारखे उलटे-सुलटे करून बघत होती. काही काम नसलेले तिचे हात मी कधी पाहिलेच नव्हते.

त्यानंतर चार-सहा दिवसांत कंपनीचा मेल आला. माझ्या जाहिरातींवर अवैध क्लिक आढळल्यामुळं खातं बंद करण्यात आलं आहे. साठलेली रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल. मेल छोटा होता. खाली कुणाची सही नव्हती, फोन नंबर नव्हता. मी तो एकेक शब्द सुटा करून वाचला, की कुठं तरी माझ्या समजण्यात घोटाळा होत असेल. घोटाळा नव्हता.

आधीच्या दिवसांचे आकडे मी काढून बघितले. दिवसभर काही नाही. संध्याकाळी एका ठरावीक वेळेला क्लिकची रास. तेही सगळे आमच्याच भागातून. रविवारी शून्य. मुद्दाम माझं खातं बुडवण्याइतकं माझ्यावर कोण जळत असेल, याचा मी विचार करत बसले. मला एकही नाव सुचेना.

संध्याकाळी शेजारची मावशी आली. आईच्याच वयाची, आईबरोबर त्याच शेडमध्ये काम करणारी. तिच्या मागं आणखी तिघीजणी, कारखान्यातून तशाच आलेल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या.

"काय गं, पडलं का न्हाय पैसं अजून?" मावशीनं बसता बसता विचारलं.

"कशाचे?"

"आता कशाचे म्हणती. रोज दाबतोय की आमी."

मला तेव्हाही कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. कारखान्यात फोन नेता येत नाही. ठिणगीची भीती असते, म्हणून फाटकावरचा माणूस सकाळी सगळ्यांचे फोन पेटीत ठेवून घेतो आणि सुट्टी झाल्यावर परत देतो. फोन हातात आले की या बाया फाटकाबाहेर भिंतीच्या कडेला उभ्या राहायच्या, माझी वेबसाइट उघडायच्या आणि जाहिराती दाबायच्या. मगच घरी निघायच्या.

"आदी मला येईनाच," दुसरी म्हणाली. "हिनं शिकवलं. ही तर सुनेचाबी फोन घिऊन येती."

"सून देती व्हय गं सुखासुखी?"

"देतीया. तिला सांगितलंय, मला पुण्य हाय, तुला रिचार्ज हाय."

"ते बनियनवाल्या बाप्याचं येतंय बघ एक," तिसरी तोंडाला पदर लावून म्हणाली, "ते दाबताना लई लाज वाटती."

"लाज कसली. दाबायचं अन् माघारी यायचं. ऱ्हायाला का जायचंय तिथं."

सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं असेन.

"पण तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

"तुझ्या आईनं. म्हणली, घरच्यांनी दाबायचं नसतंय. आमी म्हणलं, घरच्यांनी न्हाय तर न्हाय, आमी हाव की."

आई चहाचे कप घेऊन आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कप खाली ठेवले. मी म्हणाले, "चहा घ्या मावशी, निवेल."

त्या गेल्यावर आईनं विचारलं, काय झालं. मी मेल वाचून दाखवला आणि मराठीत सांगितला. तिनं उष्टे कप गोळा केले.

"म्हंजे माज्यामुळं."

"नाही."

"मंग कुणामुळं?"

  तिनं कुणाला दाबायला सांगितलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी तर आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं.

"त्यास्नी सांगू नको," आई म्हणाली. "दिलेलं तोंडावर फेकल्यावाणी व्हईल."

दाद मागायची एक संधी होती. ऑनलाइन अर्जात विचारलं होतं, हे क्लिक कशामुळं आले असावेत. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "माहीत नाही म्हण. कुणीतरी मुद्दाम केलं असेल असं लिही. खरं लिहिलंस तर संपलं, मग ते ओळखीच्या लोकांकडून करवून घेतलं असंच धरतील."

तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला त्याच वेळी कळत होतं. तरी मला ते लिहिता येईना. ज्या बायांच्या पगारावर मी इंग्रजी वाक्य जुळवायला शिकले, त्यांनाच इंग्रजीत अनोळखी, वाईट हेतूची माणसं कसं म्हणायचं? शिवाय, खरं सांगू, मनात कुठंतरी आशा होती. पलीकडं कुणीतरी माणूस असेल, तोही कुणाच्या तरी हातभारावर शिकला असेल, तो हे वाचून थांबेल.

मग मी खरं लिहिलं. फटाक्याचा कारखाना, फोनची पेटी, सुट्टीची वेळ, आमची रीत. हातभाराला इंग्रजी शब्द शोधताना शब्दकोशात देणगी सापडली, मदत सापडली, वर्गणी सापडली. एकही बसेना. शेवटी लिहिलं की आमच्याकडं एखादी मुलगी काही सुरू करते तेव्हा सगळ्या बाया तिच्या ओझ्याला हात लावतात, त्यांना फसवायचं नव्हतं, यापुढं असं होणार नाही याची जबाबदारी मी घेते. व्याकरण तीनदा तपासलं आणि पाठवलं.

उत्तर यायला थोडे दिवस लागले. निर्णय कायम. पुन्हा अर्ज करता येणार नाही. माझं लिहिलेलं माणसानं वाचलं की मशीननं, ते कळायला मार्ग नाही. मैत्रीण म्हणाली, आईच्या नावानं नवीन खातं काढ. पण तेही नियमात बसत नव्हतं. पत्ता तोच, फोन तोच, पकडलं गेलं असतं. दुसऱ्या एक-दोन कंपन्यांकडं अर्ज केले. त्यांना माझ्या वेबसाइटचे वाचक पुरेसे वाटले नाहीत. बायांचे क्लिक वजा केले तर ते खरंच पुरेसे नव्हते. शिष्यवृत्तीचा तो मोठा लेख किती जणींनी वाचला हे त्या दिवशी मी बघितलं, आणि पुन्हा बघितलं नाही.

पाऊस उघडला. किराणावाल्यानं दारात येऊन आईची तब्येत विचारली. तो तब्येतीसाठी आलेला नाही हे तिघांनाही माहीत होतं.

मी आईला म्हणाले, "मी जाते कारखान्यात."

"तू?"

"का? हात नाहीत का मला?"

"तू फाटकात दिसलीस की पयला सवाल, का आलीस म्हणून. काय सांगशील?"

"काहीतरी सांगेन."

"तुला येत न्हाय काहीतरी सांगायला," आई म्हणाली. "ते आपण बघितलंच की."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही.  मी गेले तर त्या बायांना सगळं कळणार होतं, आणि मी गेले नाही तर आई जाणार होती. तिसरा रस्ता मी रात्रंदिवस शोधला. नव्हता.

मुकादमानं आईला परत घेतलं. वाती लावायची जागा भरली होती. चाळायला बाई हवी होती.

सकाळी आई डोक्याला फडकं बांधून निघाली तेव्हा मावशी दारात थांबलेली. मला म्हणाली, "आगं, किती दिस झालं, दाबायला काईच दिसंना. नुसतंच लिवलेलं येतंय. फोन बिघडला का काय माजा?"

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "कंपनीचं काम चालू हाय. चल, उशीर व्हतोय."

"काम झालं की सांग गं. आमी हाव."

"सांगते मावशी."

दोघी रस्त्याला लागल्या. कोपऱ्यावर बाकीच्या येऊन मिळाल्या. आई मधे चालत होती. कशावरून तरी त्या हसल्या. आईही हसली आणि मग खोकत थांबली, बाकीच्या तिच्यासाठी थांबल्या.

संध्याकाळी ती आली तेव्हा केसांच्या कडा, भुवया, मनगटं, सगळं चंदेरी झालेलं होतं. तिनं न्हाणीत जाऊन अंग धुतलं, साडी बदलली. काढलेली साडी मी उचलली. ती म्हणाली, ठेव, मी धुते. मी ऐकलं नाही. अंगणात बादलीत बुडवली तशी पाण्यावर तवंग आला. ते पाणी ओतलं, दुसरं घेतलं, तेही तसंच झालं. तिसऱ्या पाण्यालाही पावडर सुटतच होती. आतून आईचा खोकला ऐकू येत होता. मी साडी पिळायचं थांबवून तिथंच बसून राहिले.

आई दारात आली. "डोळ्याला हात लावू नको," ती म्हणाली. "झोंबतं ते."