साडेपाच तासांचा फरक

इतकी वर्षं झाली, पण जळगावचं ते प्रकरण मनातून जात नाही. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो.

नव्वदच्या दशकाची अखेर. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात परीक्षेआधी प्रश्नपत्रिका फुटली. ठाण्यात निनावी फोन आला, "फाइल लॅबमधल्या कॉम्प्युटरवरून गेली. लॅब असिस्टंटला विचारा."

नेटवर्क वारंवार बंद पडायचं, म्हणून तिथल्या एका प्राध्यापकांनी त्यावरून जाणारी पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, नोंदवून ठेवली होती. प्रत्येकावर वेळ होती, पण नऊ आकडी संख्येत. १९७० सालापासून किती सेकंद झाले, ते. प्राध्यापकांनी पर्ल या भाषेत छोटा प्रोग्राम लिहून ती उलगडली. फाइल गेली तेव्हा सकाळचे अकरा चाळीस. त्या वेळी लॅबमध्ये असिस्टंट एकटाच होता. मी त्याला अटक केली. पोलीस कोठडी मिळाली.

माणूस अमळनेरचा, चाळिशीचा. कितीही विचारलं तरी एकच उत्तर, "साहेब, मी तठेच व्हतू, पन मी काहीच करेल नही."

मला तो निगरगट्ट वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अमळनेरहून निरोप आला, त्याची आई गेली. त्याने हात जोडले. मी म्हणालो, "आधी खरं बोल. मग कोर्टाची परवानगी मागतो."

त्याने जोडलेले हात खाली घेतले. "लिखी ल्या साहेब, मीच करं. आते माले मायकडे जाऊ द्या."

मी जबाब लिहून घेतला. कागद पुरे होईपर्यंत दिवस मावळला. नातेवाईक थांबू शकले नाहीत.

आठवड्याने तज्ज्ञाच्या अहवालासाठी धुळ्याच्या एका इंजिनिअरकडे गेलो. त्यांनी प्रोग्राम वाचला आणि म्हणाले, "साहेब, ही ग्रीनिचची वेळ आहे. आपली साडेपाच तास पुढे."

म्हणजे संध्याकाळचे पाच दहा. तेव्हा असिस्टंट घरी गेलेला, लॅबची किल्ली विभागप्रमुखांकडे. त्यांनी अर्ध्या तासात कबूल केलं. निनावी फोनही त्यांचाच होता.

असिस्टंट सुटला. मी अमळनेरला त्याच्या घरी गेलो. त्याने पाणी दिलं. "चूक माझी झाली," मी म्हणालो.

"मन्ही मायले आगीन चुलतभाऊनी दिधी," एवढंच तो बोलला.

पुढे नव्या फौजदारांना मी शिकवायचो, यंत्राने दिलेली वेळ कुठली, ते आधी विचारा. ते वहीत उतरवून घ्यायचे. ती कबुली मी कशी मिळवली, हे मात्र त्यांच्यापैकी एकालाही सांगू शकलो नाही.