टायटॅनियमच्या प्लेटेला लागलेलं कुंकू

अक्षर गचाळ आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. चौथीनंतर पेन धरलं ते बचत गटात सही करायला. सांभाळून घ्यावं. बोलून दाखवता येत नाही, म्हणून लिहिते.

उचगावात आमचं वेल्डिंगचं शेड आहे. यांनी टायटॅनियमच्या जाड प्लेटा जोडायचं काम घेतलं आणि आर्गॉन गॅससाठी माझ्या नावावर गटातून कर्ज काढायला लावलं. चार बायकांत मला हात पसरावा लागला.

हा धातू फार सोवळ्याचा. तापलेला असताना हवा किंवा मळ लागला की बिघडला. गार होईपर्यंत जोडावर पुढून-मागून गॅसचं पांघरूण लागतं. प्लेट जाड, म्हणून दोन प्लेटांमधल्या खाचेत वितळलेल्या धातूचे थरावर थर भरायचे. प्रत्येक थर घासून, अ‍ॅसिटोननं पुसायचं काम माझं. जोड चांदीसारखा चमकला तर बरोबर, निळा पडला तर वाया.

वाऱ्यानं गॅस उडतो हे यांनीच मला शिकवलेलं. तरी उकडलं की पंखा लावणार हेच. मी बंद करायची, हे चालू करायचे.

अमावास्येला शेडमध्ये मशीनची पूजा असते. प्लेट पुसून मी पाणी भरायला गेले. परत येते तर सासूबाईंनी प्लेटेलाही हळदकुंकू लावून वर नारळाचं पाणी शिंपडलेलं.

“आत्ती, तिला काय बी लावायचं न्हाय.”

“म्हाग वस्तू हाय न्हवं? मग तिलाच आधी कुंकू.”

मी यांच्याकडे बघितलं.

“ऱ्हाऊ दे की, देवाचं हाय,” म्हणाले, आणि फडकं फिरवून कामाला लागले. कुंकू खाचेत उतरलेलं, पंखाही चालूच. जोड निळा पडला, त्यात बारीक भोकं. सगळा घासून काढावा लागला. गॅस संपला, नव्या सिलिंडरपायी माझा हप्ता चुकला. गटाच्या अध्यक्षीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “काय वैनी, त्या गॅसवर सैपाक तरी झाला का न्हाय?” सगळ्या हसल्या. मी पदराचा काठ बघत बसले.

पुढच्या अमावास्येला प्लेट प्लॅस्टिकात गुंडाळून खाटेखाली सरकवली आणि लोखंडाचा एक तुकडा घासून मशीनजवळ ठेवला. सासूबाईंनी तो मनापासून पुजला. पंखा मी घरी नेऊन ठेवला. हे ओरडले. ओरडू देत.

पूजेनंतर प्लेट बाहेर काढली. जोड चांदीसारखा आला.

“बघ, पूजा लागू पडली की,” सासूबाई म्हणाल्या. यांनीही मान डोलावली.

बिलाचे पैसे यांच्या खात्यात आले तसे हे नव्या टीव्हीचं बोलू लागले. मी चप्पल घातली, यांना बँकेत नेलं, पैसे काढायला लावले. तिथून सरळ गटात जाऊन सगळं कर्ज व्याजासकट फेडलं.