न उचललेलं भांडं

दारात आलेल्यापुढे ठेवलेलं आणि त्याने न उचललेलं पाण्याचं भांडं फार दिवस डोळ्यांसमोर राहतं.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच सत्रात आम्हाला वस्तीत घरोघर फॉर्म भरायला पाठवलं होतं. शकुंतलामावशींच्या उंबऱ्यावर बसून मी विचारलं, "पाणी उकळून पिता का?" "हो," म्हणत त्यांनी माझ्यापुढे भांडं ठेवलं. मी मात्र सवयीने पिशवीतली माझी बाटली काढली आणि घटाघटा प्यायले. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्या नुसतं "हो, हो" म्हणत राहिल्या.

पाण्यात काय काय असतं हे मला पाठ होतं. जंतूंशिवायही त्यात काही असतं, हे त्या भांड्याकडे बघताना पहिल्यांदा जाणवलं. ते तपासायला आमच्याकडे कुठलीच चाचणीची पट्टी नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाटली न घेताच गेले. म्हटलं, "मावशी, तहान लागलीय. उकळलेलं द्याल?"

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, हसल्या आणि गॅसवर पातेलं चढवलं.

"रोज कुठलं उकळतेय बाई! बस. हे निवेपर्यंत तुझा तो कागद नव्याने काढ. आता खरं सांगते."