चोराचं काम

आमच्याकडे रोज चार वाजता चोर यायचा.

फाटकाची कडी स्वतःच काढायचा, हौदावर पाय धुवायचा, आईच्या हातचा चहा घ्यायचा आणि मग पडवीतल्या खुंटीवरची बाही डाव्या हातात चढवायचा. गोणपाटाचे चार थर, आत जुन्या चामड्याचा तुकडा, वरून काथ्याची दोरी. बाही चढली की तो चोर. उतरली की मी ज्यांना लहानपणापासून काका म्हणत आले, ते पलीकडच्या आदिवासी वाडीतले गृहस्थ.

कळंबच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेला, आमच्या जाळीच्या आठ खोल्या होत्या. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन. पिल्लं आमच्याकडेच जन्मायची, वाढायची, शिकायची आणि दीड-दोन वर्षांची झाली की राखणीला जायची. कुंभिवलीच्या बाजूची गोदामं, रिसॉर्ट, शनिवार-रविवारच्या माणसांचे बंगले. गिऱ्हाईक आलं की काका जाळीच्या कडेनं दबकत चालायचे, कुत्रा झेप घेऊन बाही धरायचा, बाबा 'आऊट' म्हणायचे आणि कुत्रा सोडायचा. हुकूम सगळे इंग्रजीत. गिऱ्हाईक तसं मागायचं.

आमच्या घरात देवाच्या तसबिरी नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा आधी खोपोलीकडच्या एका कारखान्यात होते, युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. माझा 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. कारखाना बंद पडला, गठ्ठे उरले. कुत्री व्यायला आली की आई त्यातलीच पत्रकं खोक्यात अंथरायची. "आपली पिल्लं मागण्यांवर जन्मलेली आहेत," असं बाबा हसून सांगायचे. एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. संपाच्या दिवसांत मालकानं गेटवर कुत्री आणून बांधली होती. कामगारांनी आठ दिवस भाकरी टाकली आणि नवव्या दिवशी ती कुत्री संपवाल्यांच्या सतरंजीवर येऊन झोपली. "कुत्र्याला वर्ग नसतो," बाबा म्हणायचे. धंद्याबद्दल त्यांच्या मनात काही टोचत असेल, तर हे वाक्य त्यावरचं औषध होतं. माझ्यासाठीही.

मोळीची कल्पना माझी.

तेव्हा मी बारावीत होते. एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, की कुंपणाला लागून बायका लाकडं घेऊन जातात आणि कुत्रा नुसता बघत बसतो. बाबा डोकं खाजवत होते. मी म्हटलं, काकांच्या डोक्यावर मोळी द्या ना. आणि लुगडं नेसवा. बाबा खूश झाले. म्हणाले, "पोरीला डोकं आहे." त्या वर्षी समतेवर लिहिलेल्या निबंधाला मला बक्षीस मिळालं होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यातून निघाल्या आणि त्या एकमेकींना कुठे भेटल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका बायकोचं जुनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून आले.

"आता बाईमानूस बी मीच व्हायचं का गं?"

आम्ही पोट धरून हसलो. वाडीत तर त्यांची रोज टिंगल व्हायची. "काय चोरसाहेब, ड्युटी संपली?" कुणी विचारायचं. "संपली. मी पगारी चोर हाय, तुज्यासारका फुकट नाय," असं उत्तर मिळायचं. काकी मला म्हणाल्या होत्या, "लुगडं फाटलं तर त्या बंगलेवालीचं मागून आनीन हां मी. रेशमी."

लुगडं फाटलं. बरीच कुत्री शिकून गेली. गिऱ्हाइकांकडून निरोप यायचे, की कुत्रा एकदम हुशार आहे, पाहुण्यांवर भुंकत नाही, बरोबर त्याच लोकांवर जातो. 'त्याच लोकांवर' म्हणजे कोणावर, हे मी विचारलं नाही. एवढी पत्रकं वाचलेली मुलगी मी.

गेल्या हिवाळ्यात एक दोन वर्षांचा नर डोंगराच्या पायथ्याच्या बंगल्यात गेला. त्या बंगल्याच्या कुंपणानं रानात जायची जुनी पायवाट पोटात घेतली होती. वळसा घालायचा तर तासभर जास्त. म्हणून वाडीतल्या बायका तारेखालून जायच्या. एका सकाळी कुत्रा मोकळा होता. काकी मोळी घेऊन परतत होत्या. त्यानं उजवा हात धरला आणि माळी धावत येऊन पट्टा ओढेपर्यंत धरून ठेवला.

हाताचं ऑपरेशन झालं. दोन बोटं मिटत नव्हती, ती अजूनही मिटत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बंगल्याचा मॅनेजर टेंपोतून कुत्रा परत घेऊन आला. पस्तिशीचा, शेलूकडचा माणूस. आमच्याकडे पूर्वी दोनदा येऊन गेला होता, चहा पिताना आपल्याच घरच्या गोष्टी सांगायचा. त्याची आई नेरळच्या बाजारात मोळ्या विकायची, तिच्याबरोबर लहानपणी आपणही डोक्यावर वाहिल्या, असं त्यानंच सांगितलं होतं. आता त्याच्या हातात टाईप केलेला कागद होता.

"शेठ, सही पायजे. शिकवलेला कुत्रा हाय, फक्त चोरावरच जातो, येवडंच लिवलंय."

"कशासाठी?" बाबांनी विचारलं.

"चौकीवर अर्ज दिलाय सायबांनी. बाई चोरी करायला आत आली म्हनून. तार कापली, लाकडं नेली. तुमचा कागद जोडला की विषय संपला. नायतर वकील तुमच्यावरच येतील. कुत्रा कोनाचा, शिकवला कोनी."

काका तिथेच होते. चार वाजले होते आणि ते हॉस्पिटलमधून सवयीनं सरळ आमच्याकडेच आले होते. पाय धुतले नव्हते. चहा तसाच निवत होता. खुंटीवरच्या बाहीकडे त्यांनी पाहिलं नाही. बाबा चष्मा लावून पेन शोधायला लागले तेव्हा ते म्हणाले,

"दादा, चोर व्हायचं काम माजं हाय. तिचं नाय."

बाबांचा हात थांबला. पण पेन खाली ठेवलं नाही त्यांनी. ज्या माणसानं आयुष्यभर मालकांच्या विरोधात कागद लिहिले, तो मालकाच्या कागदावर सही कुठे करायची ती जागा शोधत होता. त्यांचा मला राग आला, आणि त्याच वेळी हेही समजत होतं, की त्या सहीवर आठ खोल्या, आईची औषधं आणि माझं कॉलेज उभं आहे.

"थांबा," मी मॅनेजरला म्हटलं. "चोरावरच जातो ना? मग बघू या."

तिसऱ्या खोलीत त्या कुत्र्याचा सख्खा भाऊ होता. शिकवणी तीच, चोर तोच. मॅनेजर पूर्वी आला तेव्हा हा भाऊ मागच्या अंगणात असायचा, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. शिकवणीची मोळी जाळीला टेकून पडलेली होती. मी म्हटलं, ही डोक्यावर घ्या आणि कडेनं चाला.

"काय ताई, शूटिंग हाय काय?" तो हसला. पण वाकला, आणि चुंबळीशिवाय, एका झटक्यात मोळी डोक्यावर घेतली. हात विसरलेला नव्हता. मोबाइल खिशात, पॉलिश केलेले बूट, इस्त्रीची पँट आणि डोक्यावर मोळी. चालला. कुत्र्यानं कान उभे केले, पाहिलं आणि पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडून राहिला.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "कुत्रा काही उगाच..."

"आता बूट काढा," मी म्हटलं.

मॅनेजर थांबला.

"बूट काढा. पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या. आईचं लुगडं देते, कमरेला गुंडाळा. आणि परत चाला. जाळीचं दार उघडं ठेवते. तुम्ही कुठे चोर आहात."

मोळी डोक्यावर तशीच घेऊन तो उभा राहिला. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, मग काकांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे. सालपटांचा भुगा त्याच्या शर्टावर पडत होता. तो झटकायचं भान त्याला नव्हतं.

"नको ताई," तो शेवटी म्हणाला आणि मोळी अगदी हळू खाली ठेवली.

त्यानं बूट काढले नाहीत. त्याला माहीत होतं. बाबांनी ते पाहिलं आणि पेनला टोपण लावलं. कुत्र्याला वर्ग नसतो हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. नसतोच त्याला. आम्ही दिला. रोज चार वाजता, बिस्किटं चारून.

मॅनेजर जाताना कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "सायबांना सांगतो अर्ज मागं घ्या म्हनून. पन तुमी लेखी द्या, ताई. कोनाची तरी चूक कागदावर आली पायजे, त्याशिवाय ते नाय ऐकनार."

मी रात्रभर नाही, तासाभरात लिहिलं. मला तेवढंच येतं. दोन पानं झाली. शोषण आलं, भांडवल आलं, रानावरचा हक्क आला. 'श्रमिक आदिवासी स्त्री' तीनदा आली. चौकीवर देण्याआधी काकींना वाचून दाखवावं म्हणून सकाळी हॉस्पिटलात गेले. काका त्यांच्या पायथ्याशी बसले होते. मी वाचत होते आणि पलीकडच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या, त्यामुळे आवाज थोडा चढवलाच मी.

काकींनी पहिलं पान होईपर्यंत ऐकलं.

"येवडं कोन वाचल गं?"

"वाचतील."

"नाय वाचायचे. श्रमिक का काय त्ये काढ. बाई लिव. चोर नाय, लाकडाला गेली व्हती, असं लिव. आनी कुत्र्याला तुमी शिकवलं ते लिव. बास."

मी तिथेच कागद गुडघ्यावर ठेवून चार ओळी लिहिल्या. मोळीची कल्पना माझी, असंही लिहिलं. खाली सही केली. त्याच ओळी आम्ही चौकीवर दिल्या, अर्ज मागे घेतला गेला, आणि त्याच ओळींनी आमचा धंदाही बसला. आता एकच खोली भरलेली आहे. टेंपोतून परत आलेला तो तिथे आहे. दुसऱ्या कोणाला देता येत नाही, आणि मारायला आमच्यापैकी कोणाचा हात होत नाही. काका येत नाहीत.

पण त्या सकाळी मी उठायला लागले तेव्हा काकींनी डाव्या हातानं माझी ओढणी धरली.

"मी लई वरडले गं. सोड, सोड म्हनलं. मारलं बी. सोडंचना. त्याला काय म्हनायचं असतं?"

मला सांगावं लागलं.

"आऊट."

"येवडंच?"

काकांनी हा शब्द माझ्याइतकाच रोज ऐकला होता. त्यांच्या बाहीला लटकलेला कुत्रा त्याच एका शब्दानं सुटायचा. घरी जाऊन बायकोला तो शिकवून ठेवावा, असं त्यांना का सुचावं? ती थोडीच चोर होती.

"आऊट," काकी म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "आऊट." बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"बाकीच्या बायांना बी सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "वाट तीच हाय."