खालच्या फळीवरची बाटली

"इसको ठंड नहीं लगती."

काकू एवढंच म्हणायच्या. मग दुकानदारानं बाटलीभोवती गुंडाळलेला पेपर काढायच्या, त्याची नीट घडी घालायच्या आणि ती त्याच्यासमोर ठेवायच्या. गुडगावच्या एखाद्या दारूच्या ठेक्यावर तुम्ही गेला असाल तर तुम्हालाही दिसलं असेल. गिऱ्हाईक बाई असली की न विचारता बाटली पेपरात जाते आणि पेपर काळ्या पिशवीत. काकूंची पिशवी जाळीची होती. तिच्यात पाव, कोथिंबीर, लाल गाजरं आणि मध्ये उभी बाटली. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. काकूही त्यांच्याकडे बघायच्या. मग ते दुसरीकडे बघायचे.

मी मागून चालायचे, ओढणी कपाळापर्यंत घेऊन. जणू बाटली माझ्याच हातात आहे.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. माझे मिस्टर मानेसरला कंपनीत आहेत. काकूंना मराठी बोलणारी बाई हवी होती आणि मला कुणाशी तरी मराठी बोलायचं होतं. बोलायच्या मात्र त्याच. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. माणसं ख्रिस्ती, मूळची नगरकडची. नाताळला घरात करंज्या, चकल्या, मटण, पुलाव आणि टेबलावर एक वाइनची बाटली. काकांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते रिक्षात बसून राहायचे आणि बाटली काकू आणायच्या. टेबलावर ओतायचे मात्र काका.

काकूंची बाटली नेहमी खालच्या फळीवरची. त्या वाकून, चष्मा नाकावर ओढून बघायच्या. दुकानदार वरच्या फळीकडे हात करायचा, "मॅडमजी, ये इम्पोर्टेड है."

"वरची फळी दाखवायला, खालची जेवायला," काकू मला मराठीत सांगायच्या. त्याला काही कळायचं नाही, पण तो हसायचा.

नाताळच्या आधी एका रविवारी परीक्षा व्हायची. दोन स्वस्तातल्या बाटल्या आणायच्या आणि मी वाटीभर मटण नेहमीच्या तिखटाचं करायचं. बाटली उघडून नुसती चाखलेली काकूंना आवडायची नाही. "आधी मटणाला विचारू," म्हणायच्या. एक घास, एक घोट. एका वर्षी एक बाटली अशी निघाली की घोटानंतर मटणाचं तिखट दुप्पट झालं. काकूंच्या डोळ्यांत पाणी. "भांडली गं ही." दुसरी जरा गोडसर होती. तिनं तिखट खाली बसवलं. "ही नांदेल," काकू म्हणाल्या आणि तीच पक्की झाली.

त्यांचा मुलगा आयटीत आहे. तो म्हणाला, "आई, ही तर सरबतासारखी आहे. लोक हसतील."

"लोकांनी आपल्या मटणाबरोबर आपली प्यावी. हे मटण माझं आहे."

मला बाटलीची भीती वाटायची. आमच्या घरी ती कणगीच्या मागे असायची. वडील तिकडे गेले की आई आम्हाला शेजारी पाठवायची. हे मी काकूंना एकदाच सांगितलं, गाजरं किसता किसता, मान वर न करता. त्यांनी माझ्यापुढचं ताट आपल्याकडे ओढलं आणि एक गाजर किसलं. मग म्हणाल्या, "लपवली की तिला माप राहत नाही. टेबलावर ठेवली की सगळ्यांना दिसतं, किती होती आणि किती उरली." त्यांच्याकडे एक बाटली सगळ्या घराला पुरायची. तळाशी थोडी उरायचीसुद्धा. मी ती टेबल पुसताना दर वर्षी बघायचे.

मग काका गेले. त्यानंतरचा पहिला नाताळ म्हणजे मागच्या वर्षीचा. घरचे सगळे जमले. पानिपतहून काकूंचे दीरही आले. ते तिकडे एका ब्लँकेटच्या कारखान्यात होते, आता म्हातारे झालेत. दर वर्षी सकाळच्या गाडीनं यायचे, माझ्या मटणाला नावं ठेवायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे.

त्या दिवशी ते टेबलाशी आले, बाटली बघितली आणि उभेच राहिले.

"वहिनी, ही उचला."

"का भाऊजी?"

"माझा भाऊ जाऊन वर्ष नाही झालं. विधवा बाई दारू आणते, मांडून ठेवते. शोभतं का?"

"दर वर्षी मीच आणत होते. हे ओतायचे तेव्हा तुम्ही ग्लास पुढे करायचात."

"तेव्हा तो होता."

"हो," काकू म्हणाल्या. "आता मी आहे."

मुलगा मध्ये पडला. "आई, यार, एक दिवसाचा प्रश्न आहे. किचनमध्ये ठेवू या. ज्याला हवी तो आत जाऊन घेईल."

"चोरासारखं? तुझ्या वडिलांच्या टेबलावरून उठून?"

"बाटली राहणार असेल तर मी बसणार नाही," दीर म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात पुलावाचं भांडं धरून उभी होते. ते गरम होतं, पण खाली ठेवायचं सुचेना. मला वाटलं, आता काकू उचलतील. कुणीही उचललीच असती. काकांच्या माघारी या घरात सगळे एकत्र जेवणार की नाही, ते तिथंच ठरत होतं.

काकूंनी बाटलीला हात लावला, पण उघडायला. आधी मुलाच्या ग्लासात ओतली, मग स्वतःच्या. थोडी टेबलक्लॉथवर सांडली.

दीर बूट घालायला लागले. काकूंनी मला डबा भरायला लावला आणि मुलाच्या हाती दिला. "स्टेशनला सोड त्यांना. डबा दे. मटणाशी त्यांचं भांडण नाही."

डबा त्यांनी नेला.

मुलगा परत येईपर्यंत कुणी जेवायला सुरुवात केली नाही. मग काकू दीरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मला म्हणाल्या, "ये, बस."

"मी आत जेवते काकू."

"आत कोण आहे?"

आत कुणीच नव्हतं. मी बसले. सगळ्यांसारखाच काचेचा ग्लास माझ्यापुढे आला. "तुझ्यात काय घालायचं ते तू सांग," काकू म्हणाल्या. मी पाणी म्हणाले. त्यांनी ते बाटलीतली वाइन ओतावी तसं, एक हात पाठीमागे घेऊन ओतलं. सगळे हसले. काकूही हसल्या. मग नॅपकिन घेऊन उगीचच तो डाग पुसत बसल्या.

या पावसाळ्यात काकू गेल्या. फार दिवस अंथरुणाला खिळल्या नाहीत.

परवा काकूंच्या मुलाचा फोन आला. "मावशी, नाताळला पानिपतचे काका येतो म्हणालेत. त्यांनीच फोन केला. जेवण बाहेरून मागवतो, तुम्हाला त्रास नको. आणि वाइनचं या वेळी राहू दे. उगाच परत वाद नको."

मी फोनवर हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही. पण म्हणाले, "मटण मी करते. बाटली पण मीच आणते."

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही? ठेक्यावर?"

"मला फळी माहीत आहे."

आज नाताळच्या सकाळी एकटी गेले. काउंटरला पुरुषांची गर्दी होती. त्यांनी आपणहून वाट दिली, त्याचीच जास्त लाज वाटली. वाकले, खालच्या फळीवरची ती गोडसर बाटली काढली. दुकानदारानं सवयीनं पेपर ओढला. काकूंचं वाक्य माझ्या तोंडातून आलं नसतं. मी नुसता हात आडवा धरला. तो थांबला. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मग हातातल्या काकूंच्या जाळीच्या पिशवीकडे, आणि पेपर बाजूला ठेवला.

काकूंच्या दाराची मी बेल वाजवली. दीरांनी उघडलं. वर्षभरात ते फार वाकलेत. त्यांची नजर माझ्या तोंडावरून पिशवीवर गेली आणि तिथंच राहिली. माझ्या खांद्यावर ओढणी होती, मोठी, दोन बाटल्या झाकल्या असत्या एवढी.

मी ती तशीच राहू दिली, आणि ते बाजूला होईपर्यंत दारात उभी राहिले.